दुपारी बांधून ठेवलेलं चाक

हिंगोलीकडे जाऊन आले असं सांगितलं की पुण्यातले लोक विचारतात, ते नक्की कुठे? परभणी जिल्ह्यात, असं मी सांगते. मग विचारतात, तिथे पाहण्यासारखं काय आहे? या प्रश्नाला मला अजून उभ्याउभ्या उत्तर देता आलेलं नाही. बोलण्यापेक्षा लिहिणं मला सोपं जातं, म्हणून लिहिते आहे.

मी इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका सरांच्या हाताखाली काम करते. तेलाचे भाव भडकल्यापासून सरांना वाऱ्याचा ध्यास लागला आहे. परदेशातल्या पवनचक्क्या जोराच्या वाऱ्यासाठी बनवलेल्या असतात. आपल्या पठारावर त्या आणून उभ्या केल्या तर बराच काळ नुसत्या शोभेला राहतील. सरांना हवी होती मंद वाऱ्यावर चालणारी चक्की. आरामात सायकल चालवताना तोंडावर जेवढा वारा लागतो, तेवढ्यावर विहिरीतलं पाणी वर आणणारी. त्यासाठी त्यांनी आठ हातांचं, कापडी शिडांचं मोठं चाक तयार केलं. पाती जास्त आणि रुंद असली की चाक हळू फिरतं, पण त्याच्या अंगात उचलायची ताकद येते.

असं एक चाक दिवाळीच्या सुमारास पुसेगावच्या बौद्ध वस्तीतल्या विहिरीवर उभं केलं होतं. तिथले एक गुरुजी शाळेच्या आधी आणि नंतर, सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला, वारा मोजून कार्ड पाठवत. वेधशाळेच्या वेळा त्याच, म्हणून सरांनीच त्या ठरवून दिल्या होत्या. जवळजवळ प्रत्येक कार्डावर एकच मजकूर असे: वारा नाही, पाणी अगदी थोडं. दरम्यान कोकणातल्या एका संस्थेने चाक मागितलं. शेवटची खात्री करायला जाणारा सहकारी काविळीने पडला आणि माझं नाव निघालं. सरांनी सांगितलं, दहा दिवस नोंदी घे, नवी शिडं चढव. अकराव्या दिवशी मी ट्रक घेऊन येतो. तोवर चाकाने पाणी दिलं नाही, तर उतरवून नेऊ. गावात एवढ्यात काही बोलू नकोस.

न बोलणं मला नेहमीच जमतं. मी आनंदाने हो म्हणाले.

पुसेगाव, मंगळवार

लहान रेल्वेने हिंगोलीपर्यंतचा प्रवास सांगण्यासारखा नाही. हिंगोलीहून एसटीने निघाले. शिडांचं गाठोडं टपावर होतं आणि मी खिडकीशी, मांडीवर वारा मोजायचा मीटर घेऊन. त्याला चार वाट्या असतात आणि वारा लागला की त्या गरगरतात. शेजारच्या आजोबांनी बराच वेळ निरखून विचारलं, दही घुसळायचं हाय का? मी मान हलवली. ती नाही अशी होती, पण त्यांना ती हो वाटली असावी. पुढे ते सगळ्या बसला लोण्याबद्दल सांगत होते.

पुसेगावला उतरले तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. मला न्यायला अनुसयाबाई आल्या होत्या. पन्नाशीच्या, उंच, हिरवं लुगडं नेसलेल्या. त्यांनी हात जोडून "जयभीम" म्हटलं. घाबरले की माझ्या तोंडून शाळेतलं निघतं. मी म्हणाले, "गुड मॉर्निंग."

त्यांनी मावळतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गाठोडं डोक्यावर घेतलं. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी दिवा लावताना त्या मला गंभीरपणे "गुड मार्निंग" म्हणत.

त्यांच्या घरी माझी सोय केली होती. मुलगी मंगल औरंगाबादला नर्सिंग शिकत होती, तिची खाट मला मिळाली. शेणाने सारवलेली जमीन, भिंतीवर बुद्धाची तसबीर, फडताळात घासून लखलखीत केलेली चार भांडी. जेवायला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि ठेचा. आमच्या घरी जेवण टेबलावर मांडलं जातं, मग प्रत्येकाने आपापलं वाढून घ्यायचं. इथे मी ताटावर बसले तशा त्याही समोर बसल्या आणि माझ्या प्रत्येक घासाकडे पाहत राहिल्या. ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं तेव्हा त्यांनी आधी पाण्याचा तांब्या पुढे केला, मग हात जरासा मागे घेतला. मी पिते की नाही याची वाट त्या पाहत होत्या, हे मला समजायला क्षणभर उशीर झाला. मी तांब्या घेतला आणि सगळा संपवला. पुढची भाकरी त्यांनी तूप लावून दिली.

बुधवार

सकाळी विहीर पाहिली. गावाची विहीर वेगळी आहे. तिच्यावर या वस्तीतल्या बायका पूर्वी वाट बघत उभ्या राहायच्या, कुणी तरी वरून घागरीत पाणी ओतेपर्यंत. मोठ्या दुष्काळात सरकारी काम निघालं तेव्हा वस्तीने स्वतःची विहीर पदरात पाडून घेतली. दगड फोडला तो पुरुषांनी, टोपल्यांनी वर आणला तो बायकांनी. अनुसयाबाईंनी मला काठावरचा एक काळा धोंडा दाखवला आणि सांगितलं की हा माझ्या डोक्यावरून आलाय. पाणी चांगलं आहे, पण फार खोल. दोर ओढून ओढून त्यांच्या तळहाताला आडवी, गुळगुळीत रेघ पडली आहे.

विहिरीवर लोखंडी मनोरा आणि त्यावर सरांचं चाक. खाली छोटा सिमेंटचा हौद. साडेआठला मी मीटर वर धरला. वाट्या हलल्या नाहीत. चाकही नाही. बायका दोराने पाणी ओढत होत्या आणि मधूनमधून चाकाकडे मायेने बघत होत्या. एकदा हलकी झुळूक आली, चाक पाव फेरी फिरलं, डुललं आणि परत आलं. नळीतून तांब्याभर पाणी पडलं. एकीने लगेच घागर लावली.

मला ओशाळल्यासारखं झालं. मी म्हणाले, फारच कमी येतं ना?

अनुसयाबाई म्हणाल्या, "येऊ दे की. गोऱ्हा हाय अजून. पयल्या साली कोणता गोऱ्हा कामाला बराबर लागतो?"

दुपारी नवी शिडं उलगडली तर एक फाटलेलं निघालं. टपावरच्या खिळ्याला अडकलं असणार. आम्ही ते इब्राहीमचाचांकडे नेलं. गावात त्यांच्या घराण्याचं शिवणकाम जुनं आहे, सदऱ्यांपासून बैलांच्या झुलींपर्यंत. त्यांनी शीड दोन्ही हातांनी पसरलं, ते दुकानाबाहेर गेलं.

"इत्ता बडा घागरा पहननेवाली है कौन?" त्यांनी विचारलं.

अनुसयाबाईंनी विहिरीच्या दिशेने बोट केलं. चाचा उठले, रस्त्यावर येऊन त्यांनी लांबूनच चाक न्याहाळलं आणि म्हणाले की बाई तब्येतीने चांगली आहे, पण नाचत का नाही? झुलीला घालतात तशी दुहेरी शिवण घालून त्यांनी शीड दिलं आणि बजावलं की कापड ताणून बांधू नका, थोडा झोळ ठेवा, वाऱ्याला बसायला जागा लागते. हीच गोष्ट सरांनी मला फळ्यावर, इंग्रजीत, अर्धा तास समजावली होती.

गुरुवार, शुक्रवार

गुरुवारी सकाळी वस्तीतल्या पोरांनी मनोऱ्यावर चढून नवी शिडं झोळ ठेवून बांधली. साडेआठ, साडेपाच. वारा नाही, वारा नाही. मधल्या वेळात मी मंगलच्या खाटेवर बसून घरी पत्रं लिहीत असे. बाहेर गेले की बायका बोलायला येतात आणि मला काय बोलावं ते कळत नाही, हे खरं कारण. उन्हाचं कारण मी सांगत असे.

शुक्रवारी कुणी तरी हुरडा दिला. शेणीच्या आगीत भाजलेली कणसं अनुसयाबाई तळहातावर चोळत, फुंकर मारत आणि गरम दाणे माझ्या ओंजळीत टाकत. मी पाच मोजले की त्या पन्नास टाकत. माझ्या वहीतल्या रकान्यात शून्यं होती आणि ओंजळ भरलेली होती. ट्रकचं गुपित घशाशी आलं, पण ते मी हुरड्याबरोबर गिळलं.

शनिवार

शनिवारी माझी पेन्सिल विहिरीवर राहिली. बारा वाजता ती आणायला गेले. वस्तीबाहेर पडताच पदर डोक्यावरून उडाला. मी थांबले. लिंबाची फांदी हलत होती. रस्त्यावरची धूळ एका बाजूला पळत होती. वारा होता. फार नाही, सायकलवर लागतो तेवढाच. सरांचा वारा.

मी जवळजवळ धावले. चाक उभं होतं. त्याला थांबवण्यासाठी सरांनी एक दोरी खाली सोडून ठेवली आहे, वादळ आलं तर ओढायची. ती ओढून विहिरीच्या धोंड्याला नीट गाठ मारून बांधली होती. गाठीवर कुणी तरी ओलं फडकंही ठेवलं होतं. शिडं फुगत होती आणि चाक जागच्या जागी थरथरत होतं.

अनुसयाबाई जवळच्या खळ्यावर होत्या. मी काही विचारायच्या आतच त्यांनी ओळखलं.

"सोडलंय त्याला," त्या म्हणाल्या. "बारा वाजता सोडतो आमी."

"रोज?"

"रोज. तीन वाजता परत जुपतो. काहून?"

मी फुगलेल्या शिडांकडे बोट केलं. त्यांना वाटलं मला समजलंच नाही, म्हणून त्या समजावू लागल्या. दुपारी पाण्याला कुणी येत नाही, सगळ्या कामावर. हौद एवढासा, भरून वाहून जाणार. मग उगीच का राबवायचं? मोटेचा बैलसुद्धा उन्हाचा सोडतात. त्या लहानपणापासून दुसऱ्यांच्या मोटेवर, दुसऱ्यांचे बैल हाकत आल्या होत्या. "बैलाला सोडायचे दुपारी," त्या म्हणाल्या. "सावलीत बांधायचे. आमाला म्हनायचे, तवर तुमी खुरपून घ्या. तवाच मी मनात धरलं व्हतं, आपल्या दारी कधी बैल आला तर त्याला बी दुपारी सोडायचं."

"आणि हे फडकं?"

"दोरी तापती ना."

माझ्या डोळ्यांसमोर गुरुजींची सगळी कार्डं येऊन गेली. वारा नेमका दुपारी येत होता. वेधशाळेच्या वेळा त्याला चुकवत होत्या आणि वस्तीची माया त्याला बांधून ठेवत होती. कुणाला दोष द्यावा असं त्यात कुणीच नव्हतं. असलेच तर आम्ही होतो. चाक दमत नाही, एवढी साधी गोष्ट इथे येऊन कुणी सांगितली नव्हती.

मग मी आयुष्यात न केलेली गोष्ट केली. मला सांगू नकोस म्हटलेलं मी सांगितलं. येत्या शुक्रवारी ट्रक येणार आहे, म्हणाले. चाक कोकणात जाणार आहे. पाणी दिलं तरच राहील.

अनुसयाबाईंच्या हातात सूप होतं. ते त्यांनी खाली ठेवलं. मला वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, "पोरी, हे एवढं पोटात घेऊन चार दिवस भाकरी खात व्हतीस व्हय?"

मग त्या विहिरीवर गेल्या आणि गाठ सोडली.

रविवार, सोमवार

गाठ सोडली, तरी गोष्ट संपली नाही. वारा मंद असला की चाक एका ठिकाणी येऊन अडायचं. पंपाची दांडी वर उचलायची वेळ आली की त्याचा दम संपायचा. चाकाच्या आसाला भोकांची एक पट्टी आहे. बाहेरच्या भोकात खीळ घातली की दांडी जास्त उचलली जाते, एका फेरीत जास्त पाणी येतं. आतल्या भोकात घातली की कमी. सरांनी बाहेरचं भोक निवडलं होतं. सरांनी निवडलेलं बदलायचा विचार मला शिवलाही नाही.

सोमवारी दुपारी खळ्यावर बसले होते. ज्वारीची उपणणी चालू होती. अनुसयाबाई तिवईवर उभ्या राहून सुपातून धान्य सोडत होत्या. दाणे सरळ खाली पडत, भूस बाजूला उडत. वारा पडला की त्या थांबत. हलका आला की सूप इतकं कमी कलतं करत की दोरीसारखी बारीक धार पडे. जोर वाढला की धार जाड. मी विचारलं की एकदम ओतलं तर लवकर होणार नाही का?

"ओतलं तर भुसासकट खाली," त्या वरूनच म्हणाल्या. "वाऱ्याला पेलंल तेवढंच द्यायचं. थोडं दे, पन देत ऱ्हा."

मी उठले. साडी खोचली, दोरी ओढून चाक बांधलं आणि पाना घेऊन मनोऱ्यावर चढले. खाली बायका जमल्या, एकीने विचारलं की ही बाई उतरल का आता? खीळ गंजली होती. ती आतल्या भोकात बसवेपर्यंत माझ्या दोन्ही हातांची सालं निघाली. उतरताना पाना विहिरीत पडला. तो अजून तिथेच आहे.

दोरी सोडली. चाक वळलं, अडायच्या जागी आलं, जरा कचरलं आणि पुढे गेलं. नळीतून ओंजळभर पाणी पडलं. परत ओंजळभर. परत. धार नव्हती, पण थांबतही नव्हतं. तीन वाजता हौद भरून वाहू लागला तेव्हा वस्तीत कुणी आरडाओरडा केला नाही. बायका घरातून रिकामी भांडी घेऊन येत राहिल्या. पातेली, बादल्या, शेवटी एक डालड्याचा डबा. चक्कीजवळ आणखी साठवायला काही हवं, हे त्यांना कुणी शिकवलं नाही. बुधवारपर्यंत त्यांनी चार जुनी पिंपं आणून ओळीने लावली होती.

मी वहीत नवा रकाना आखला: दुपारी बारा, एक, दोन, तीन.

शुक्रवार

ट्रक सकाळी आठलाच आला. सर पुढे बसले होते. मागे दोन माणसं, दोर आणि घण. साडेआठला सर विहिरीपाशी गेले. त्यांनी चाकाकडे पाहिलं, स्वतः मीटर वर धरला. वाट्या हलल्या नाहीत. पानसुद्धा हलत नव्हतं. सर वाईट माणूस नाहीत. ते खिन्न होऊन म्हणाले, काय करणार, जागाच चुकली. आणि माणसांना चढायची खूण केली.

मी त्यांना वही दिली. त्यांनी चाळली आणि म्हणाले, दुपारचे आकडे नियमात बसत नाहीत. कोकणातले लोक वाट पाहताहेत. ट्रकला परत जायचं आहे.

वस्ती उभी होती. अनुसयाबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि ते मला जास्त लागलं. त्यांना माझी अडचण होऊ द्यायची नव्हती.

सरांशी मी नेहमी इंग्रजीत बोलते. त्या भाषेत मी फार चांगली विनंती करते. त्या सकाळी माझ्या तोंडून मराठी निघालं, आणि विनंतीसारखं निघालं नाही.

"सर, बारा वाजेपर्यंत थांबायचं," मी म्हणाले. "त्याआधी चाकाला हात लावायचा नाही."

ट्रकवाला हसला. सरांनी चष्मा काढून पुसला. मग ते काळ्या धोंड्यावर बसले.

ते साडेतीन तास कसे गेले ते मी लिहू शकणार नाही. सरांना गुळाचा चहा आला, मग भाकरी, शेंगदाण्याची चटणी, बोरं. इब्राहीमचाचा आपला घागरा बघायला आले आणि सरांच्या शेजारी बसून झोळाबद्दल बोलू लागले. सर हळूहळू ऐकू लागले, मग खिशातून कागद काढून लिहू लागले. अकरा वाजले. मी पानांकडे बघत होते. साडेअकरा. अनुसयाबाई शांतपणे खळ्यावर गेल्या, तिवईवर चढल्या आणि रिकामंच सूप कलतं करून बसल्या. बारा वाजून गेले. ट्रकवाल्याने इंजिन चालू केलं.

मग खळ्यावरून हाक आली, "आला."

आधी भुसाची एक काडी सरकली. मग चाचांची दाढी हलली. चाक पाव फिरलं, कचरलं, आणि गेलं. नळीतून पाणी पडलं. सर उठले. त्यांनी पाणी हातावर घेतलं, फेऱ्या मोजल्या आणि मनोऱ्याखाली जाऊन वर पाहिलं.

"खीळ आत कुणी घेतली?" त्यांनी विचारलं.

मी सालं निघालेले हात पदराआड घेतले. अनुसयाबाई म्हणाल्या, "आमी दोघींनी."

ट्रक माझं सामान आणि मला घेऊन परत गेला. ट्रकच्या मागच्या भागात दोर आणि घण न वापरलेले तसेच पडले होते. निघताना मी हात जोडून जयभीम म्हणाले. अनुसयाबाईंनी ऊन डोक्यावर असताना "गुड मार्निंग" म्हटलं आणि पदराने तोंड पुसलं.

पुणे

आता पावसाळा संपत आला आहे. पुसेगावहून कार्डं येतात, सगळ्या वेळांची, कारण सरांनी तक्ताच बदलला. त्यात दर महिन्याला थोडं पाणी वाढतं. बंद राहिल्याचे दिवस वेगळे लिहायचे असतात आणि कारणासाठी एक रकाना असतो: वादळ, तुटफूट, दुरुस्ती. मागच्या कार्डात एक दिवस बंद होता. कारणाच्या रकान्यात गुरुजींनी लिहिलं होतं: पोळा.

खाली अनुसयाबाईंचा निरोप होता. आठही हातांना गोंडे बांधले, नैवेद्य दाखवला, दिवसभर सोडून ठेवला. आमच्या दारातला पहिला बैल आहे, एक दिवस तर त्याचा पाहिजे. सरांना सांग, रागावू नका.

मी सरांना कार्ड दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग पेन काढून छापील तक्त्यावर, तुटफूट आणि दुरुस्तीच्या खाली, आपल्या बारीक अक्षरात चौथं कारण लिहिलं.